देवळालीचे 'डूलॅली' : ब्रिटिश अपशब्दांची मुळे आणि उच्चार



ग्रंथालयाच्या शताब्दीसारख्या मंगल प्रसंगी अपशब्दांवर व्याख्यान योजावे, यात काहींना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. अशा वेळी डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांच्याविषयीची आख्यायिका आठवते. १७५५ मध्ये त्यांचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाल्यावर दोन कुलीन स्त्रियांनी, कोशात एकही असभ्य शब्द येऊ दिला नाही म्हणून त्यांचे अभिनंदन केले. "म्हणजे आपण ते शोधून पाहिलेत तर!" असे डॉक्टर उत्तरले म्हणतात. आपल्याकडेही अपशब्द अगदीच अस्पृश्य मानले गेले नाहीत. तुकोबांची वाणी दांभिकांवर कोरडे ओढताना शब्द निवडीत बसली नाही, आणि शिमग्याच्या दिवसांत तर लोकरीतीनेच शिवीला तात्पुरता परवाना दिलेला आहे. माणूस काय पूज्य मानतो हे त्याच्या प्रार्थनेवरून समजते; तो कोणाला तुच्छ लेखतो हे त्याच्या शिवीवरून समजते. भाषेच्या अभ्यासकाला दोन्ही साधने सारखीच मोलाची असतात.

या विषयासाठी बालाघाटइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. १८६७ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या या भूमीत मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी या भाषा एकाच बाजारात भाजी विकत घेतात. व्यवहारात माणूस समोरच्याची भाषा बोलतो, पण संतापला की आपली बोलतो. येथील आठवडी बाजारात कोणाचे घर कोणत्या भाषेचे, हे भांडण जुंपल्यावर लगेच कळते. त्यात इंग्रजीची भर पडली. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली. पुढे तीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या ब्रिटिश कंपनीच्या रूपाने ओळखली गेली आणि १९६२ च्या करारानंतर तिच्या मालमत्तेतून आजची 'मॉइल' उभी राहिली. भरवेलीच्या खाणीत उतरणाऱ्या मजुराला शेक्सपिअरची भाषा शिकवायला कोणी आले नव्हते. साहेबाच्या भाषेतले जे चार-दोन शब्द अशा माणसाच्या वाट्याला येत, ते हुकुमाचे असत, नाही तर रागाचे. राज्यकर्त्याची भाषा सामान्य माणसाच्या कानावर बहुधा याच दाराने येते.

ब्रिटिशांचे अपशब्द तयार कसे झाले, हे प्रथम पाहू. वरवर पाहता ते फार परके वाटतात. मुळाशी गेले की घरचेच वाटू लागतात.

ब्रिटनमध्ये तिरस्करणीय माणसाला 'गिट' म्हणतात. हा शब्द स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींतील 'गेट' या शब्दापासून आला. त्याचा अर्थ संतती, अवलाद. मराठी शेतकरी एखाद्या बेरकी माणसाला पाहून "काय बेणं आहे!" असे म्हणतो, तेव्हा तोही हेच करीत असतो. बेणे म्हणजे लावणीसाठी राखलेले बी किंवा कांडे. दोन्हीकडे माणसाला बाजूला ठेवून त्याच्या बियाण्यालाच हात घातला आहे.

'बार्मी' हा दुसरा शब्द. क्रिकेटच्या शौकिनांना इंग्लंडच्या पाठीराख्यांची 'बार्मी आर्मी' ठाऊक आहे. 'बार्म' म्हणजे मद्य आंबताना वर येणारा फेस. ज्याच्या डोक्यात मेंदूच्या जागी फेस आहे, तो बार्मी. केंट परगण्यातील बार्मिंग गावच्या वेड्यांच्या इस्पितळावरून हा शब्द आला, अशी एक कथा सांगितली जाते. परंतु फेसावरून झालेला शब्द त्या इस्पितळाहून जुना आहे. लोकव्युत्पत्तीला गाव आणि गोष्ट दोन्ही लागतात; कोशकाराला फक्त तारीख लागते.

तिसरा प्रकार अर्धवट गिळलेल्या शिवीचा. लंडनच्या श्रमिक वस्त्यांत यमकांची एक गुप्त बोली रूढ झाली. मूळ शब्द उच्चारायचा नाही. त्याच्याशी यमक जुळणारी दोन शब्दांची जोडी घ्यायची, आणि जोडीतला यमकाचा शब्दही टाकून पहिलाच तेवढा बोलायचा. मूर्ख माणसासाठी वापरला जाणारा 'बर्क' असाच झाला. तो 'बर्कली हंट' या शिकारी पथकाच्या नावाचा तुकडा आहे, आणि त्या नावाचे यमक ज्या शब्दाशी जुळते तो या सभेत उच्चारण्याजोगा नाही. आज ब्रिटनमधील कित्येक सभ्य गृहस्थ 'बर्क' म्हणतात आणि आपण काय म्हणालो याचा त्यांना पत्ताही नसतो. त्यांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडे भल्याभल्यांच्या तोंडी असलेला 'च्यायला' हा उद्गार एका पूर्ण वाक्याचे शेपूट आहे. आरंभीचा भाग गिळला गेला, उरलेल्या तुकड्याची धार गेली, आणि लेखणी हरवली किंवा गाडी चुकली तरी तो निरुपद्रवीपणे बाहेर पडतो.

काही अपशब्द पडलेल्या प्रतिष्ठेतून जन्मतात. इंग्रजीतील 'डन्स' म्हणजे ढ विद्यार्थी. हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो जॉन डन्स स्कोटस हा १३०८ मध्ये वारलेला मध्ययुगातील अत्यंत सूक्ष्मबुद्धीचा तत्त्वज्ञ होता. पुढे नव्या विद्येच्या पुरस्कर्त्यांनी त्याच्या अनुयायांना जुनाट ठरविले आणि गुरूचे नाव मूर्खाचा पर्याय झाले. आपल्याकडे सम्राट अशोकाने शिलालेखांतून अभिमानाने मिरविलेली 'देवानांप्रिय' ही पदवी उत्तरकालीन संस्कृत व्याकरणात मूर्ख या अर्थाची म्हणून नोंदली गेली. विद्वानाचा ढ आणि सम्राटाचा मूर्ख करण्याचे सामर्थ्य प्रतिपक्षाच्या शिष्यांमध्ये असते.

आणि काही अपशब्द निव्वळ गरिबीतून जन्मतात. 'व्हिलन' हा शब्द लॅटिनमधील शेतवाडीवाचक 'व्हिला' वरून आला. व्हिलन म्हणजे मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळवाडी. शहराने आणि गढीने त्याला आधी अडाणी ठरविले, मग असभ्य, आणि शेवटी दुष्ट. आपल्याकडे 'गावंढळ' या शब्दात गावच आहे. संस्कृत साहित्यशास्त्रानेही 'ग्राम्यता' हा काव्यदोष मानला आहे. ज्याच्या शेतातले धान्य खायचे त्याच्याच राहणीला शिवी करायचे, ही रीत टेम्स आणि वैनगंगा या दोन्ही नद्यांच्या काठी सारखीच आढळते.

आता उच्चाराकडे वळू. इंग्रजी शिवीत शब्दाइतकेच किंवा काकणभर अधिक महत्त्व तिच्या उच्चाराला आहे. कारण शिवी देणाऱ्याचा वर्ग त्यातून प्रकट होतो. दक्षिण इंग्लंडचा सुशिक्षित मनुष्य 'बार्मी'तील रकार उच्चारीत नाही. आकार लांबवून 'बामी' म्हणतो. आपण तो रकार स्वच्छ उच्चारतो, कारण आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो. 'बर्क'चा चमत्कार आणखी निराळा. बर्कली हे स्थलनाम सुसंस्कृत इंग्रजीत 'बार्कली' असे उच्चारले जाते, पण त्यातून निघालेली शिवी 'बर्क'च राहिली. उच्च वर्गाचा उच्चार नावाला मिळाला, शिवी रस्त्यावरच्या उच्चारात राहिली.

या प्रश्नावर जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी संपूर्ण नाटक उभे केले. त्यांचे 'पिग्मॅलियन' १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. उच्चारशास्त्राचा एक प्राध्यापक फुले विकणाऱ्या मुलीला उमरावांचे उच्चार शिकवितो. पुढे बड्या मंडळींच्या दिवाणखान्यात ती निर्दोष उच्चारात 'ब्लडी' हा शब्द वापरते. त्या काळी या एका शब्दाने सारे लंडन हादरले. उच्चार राणीचा आणि शब्द रस्त्याचा, या विसंगतीतच त्या प्रवेशाचे मर्म होते. 'ब्लडी'च्या मुळाविषयी एक भाविक उपपत्ती सांगितली जाते. 'बाय अवर लेडी', म्हणजे 'मेरीमातेची शपथ', याचा तो अपभ्रंश असल्याचे म्हणतात. कोशकारांनी ती ग्राह्य मानलेली नाही. शब्दाचा संबंध रक्तवाचक 'ब्लड'शीच आहे. मराठी रसिकांना हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या १९७५ मधील 'ती फुलराणी'मुळे घरचे झाले. त्यातील मंजुळा प्राध्यापकाच्या हाती आली तेव्हा तिच्याजवळ शब्दांची वाण नव्हती. वाण होती ती मान्यता पावलेल्या उच्चारांची. एकच शब्द एका तोंडी विनोद आणि दुसऱ्या तोंडी असभ्यता का ठरतो, याचे उत्तर त्या शब्दात नसून समाजाच्या उतरंडीत आहे, हे पु. लं.नी हसत हसत दाखविले.

येथवरचा प्रवास इंग्रजीच्या आतला झाला. परंतु शब्द समुद्र ओलांडतात, आणि ओलांडताना दोन वाटांनी जातात. एक वाट कानाची, दुसरी लेखणीची. कानाच्या वाटेने गेलेला शब्द जिभेनुसार बदलतो. लेखणीच्या वाटेने गेलेला अक्षरांनुसार बदलतो. तीन शब्दांच्या उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

पहिला शब्द देवळाली. नाशिकजवळच्या या गावी ब्रिटिशांची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सैनिकांना मायदेशी जाण्यासाठी येथे आणून ठेवीत. सैनिकांची जहाजे शरदापासून वसंतापर्यंतच सुटत. त्या हंगामानंतर येणाऱ्याला पुढच्या हंगामापर्यंत खोळंबून राहावे लागे. काम नाही, शिस्त ढिली, उन्हाळा असह्य, घर डोळ्यांसमोर आणि जहाज मात्र नाही. अशा अवस्थेत काहींची मने ढळत. सैनिकांनी या विकाराला 'डूलॅली टॅप' असे नाव दिले. 'टॅप' म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या सैनिकाने १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या शब्दप्रयोगाची हकीकत दिली आहे. पुढे 'टॅप' गळाला, 'डूलॅली' उरला. आजही ब्रिटनमध्ये एखाद्याचे डोके फिरले की तो 'डूलॅली' झाला म्हणतात. १९७४ मध्ये बीबीसीने सुरू केलेली एक विनोदी मालिका याच देवळालीच्या छावणीत घडते. तरीही हा शब्द वापरणाऱ्या बहुसंख्यांना त्यामागे एक मराठी गाव आहे याची कल्पना नसते.

ध्वनींचा हिशेब पाहावा. मराठीतील दंत्य 'द' इंग्रजाच्या जिभेला जमत नाही, त्याचा 'ड' झाला. 'देव' मधील एकार-वकार एकत्र होऊन त्यांचा दीर्घ 'ऊ' झाला. मूर्धन्य 'ळ' तर इंग्रजीत नाहीच, त्याला 'ल'वर भागवावे लागले. आघात मधल्या अक्षरावर गेला आणि तेथील 'आ'चा 'ॲ' झाला. ज्या नावात मराठी कानाला देऊळ ऐकू येते, त्यात इंग्रजी कानाला वेड ऐकू येऊ लागले. गावाने काय केले होते? काहीच नाही. वेड लष्करी व्यवस्थेने लावले. नाव गावाचे बदनाम झाले.

दुसरा शब्द उलट दिशेने आलेला, 'डांबिस'. इंग्रजीतील 'डॅम बीस्ट' या शिवीचे हे मराठी रूप, ही व्युत्पत्ती मराठीत सर्वतोमुखी आहे. तिला ध्वनीचा पुरावाही अनुकूल आहे. इंग्रजी लेखनात 'डॅम' या शब्दाच्या शेवटी नकार लिहितात, पण उच्चारीत नाहीत. शब्द कागदावरून आला असता तर त्या नकाराचा काही अंश मराठीत उतरता. तसा तो उतरलेला नाही. 'ॲ' हा स्वर जुन्या मराठीला परका होता. म्हणूनच आपले पूर्वज 'ब्यांक' आणि 'म्यानेजर' लिहीत. येथे त्या स्वराचा सरळ 'आ' झाला. शेवटचा टकार मात्र विचारात पाडतो. मराठीला 'स्त' आणि 'स्ट' यांचे वावडे नाही. 'शिस्त' आहे, 'दुरुस्त' आहे, आणि 'पोस्ट'चा टकारही 'पोष्टा'त शाबूत आहे. मग 'बीस्ट'चाच का गळावा? पोष्टाची पाटी चौकात लागलेली असे. ती रोज वाचता येई. 'बीस्ट'ची पाटी कोठेच नव्हती. तो शब्द घोड्यावरून ओरडून दिला जाई आणि ऐकणाऱ्याला त्याचा शेवट ऐकू येईपर्यंत घोडा पुढे गेलेला असे.

अर्थाचे काय झाले तेही मनोरंजक आहे. 'डॅम' म्हणजे नरकवासाचा शाप. ख्रिस्ती नरकाची कल्पना शब्दाबरोबर आली नाही, पशूही आला नाही. उरला तो लबाडी आणि खोडसाळपणा यांच्या सीमेवरचा एक अर्थ. आजची आजी नातवाला "डांबिस कुठला!" म्हणते तेव्हा तिच्या स्वरात माया असते. साहेबाचा शाप मराठी स्वयंपाकघरात येऊन लाडाचा शब्द झाला. परकीय शिवीला दिलेले याहून चांगले उत्तर दुसरे नाही.

तिसरा शब्द लेखणीच्या वाटेने गेलेला, 'ठग'. याची हकीकत बालाघाटहून फार दूरची नाही. विल्यम स्लीमन हा ब्रिटिश अधिकारी १८२२ पासून काही काळ नरसिंहपूरचा कारभारी होता आणि पुढे जबलपुरास राहून त्याने ठगांविरुद्धची मोहीम चालविली. १८३६ मध्ये कलकत्त्यास छापलेल्या 'रामसीआना' या ग्रंथात त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशच दिला. तीन वर्षांनी फिलिप मेडोज टेलर याची ठगांवरील कादंबरी लंडनमध्ये गाजली आणि 'ठग' इंग्रजीत कायमचा वसला.

महाप्राण 'ठ' रोमन लिपीत दाखविण्यासाठी 'टी'पुढे 'एच' लिहिण्यात आला. परंतु इंग्रज वाचकाला ही दोन अक्षरे एकत्र दिसली की जीभ दातांशी नेऊन सोडायचा, 'थ'सारखा वाटणारा घर्षक ध्वनीच सुचतो. म्हणून ठगाचा 'थग' झाला. हा बदल जिभेने केलेला नाही, डोळ्याने केलेला आहे. अर्थही पालटला. संस्कृतमधील 'स्थग' म्हणजे झाकणारा, लबाड. मराठी 'ठका'ला बुद्धी लागते, म्हणूनच 'ठकास महाठक' ही म्हण झाली. इंग्रजी 'थग' म्हणजे मात्र दांडगा, बुद्धीशी वैर असलेला आडदांड. आपला ठक गोड बोलून फसवितो. त्यांचा थग बोलायच्या आधी ठोसा मारतो.

येथपर्यंतचे विवेचन मनोरंजनाचे म्हणून ऐकून सोडता आले असते. परंतु शिवी जेव्हा कायद्याच्या पुस्तकात शिरते तेव्हा हसू मावळते. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने, ठगांच्या टोळीशी संबंध होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेपेची शिक्षा ठेवली. त्या अधिनियमात 'ठग' म्हणजे कोण, हे मात्र सांगितलेले नव्हते. खून करणाऱ्या टोळ्या वाटांवर होत्या, यात शंका नाही. तरीही व्याख्या नसलेल्या शब्दावर माणसाला जन्मभर कोंडता येते, हा पायंडा त्यातून पडला. व्याख्या आली ती १८६० च्या दंडसंहितेत, कलम ३१० मध्ये. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली तेव्हा ठगाचे ते कलम नव्या संहितेत घेतले गेले नाही. दरम्यान १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जातीचे नावच गुन्हा ठरले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु त्या जमातींची नावे बोलीभाषेत शिवी म्हणून वापरण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

याच परंपरेतला शेवटचा दाखला खुद्द आपल्या प्रांताचा आहे. १९४६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार गुंडा कायदा झाला. नागपूर राजधानी असलेल्या त्या प्रांतात बालाघाट होतेच. महाराष्ट्रात 'गुंड' हे चारचौघांत सांगण्याजोगे आडनाव आहे. तेथून तो शब्द मारकुट्या मवाल्यापर्यंत उतरला, आणि आता कायद्यात बसला. कायद्याने गुंड्याची व्याख्या केली ती अशी : गुंडा म्हणजे 'हूलिगन', 'रफ' किंवा 'व्हॅगाबॉन्ड', आणि सार्वजनिक शांततेला धोकादायक असलेला मनुष्यही त्यात समाविष्ट. येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. 'हूलिगन' हा १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वृत्तपत्रांतून गाजलेला अपशब्द. तो एका आयरिश आडनावावरून आला असावा असे मानले जाते. 'रफ' ही व्हिक्टोरियाकालीन भद्र लोकांनी रस्त्यावरच्या दांडग्यांना दिलेली संज्ञा. 'व्हॅगाबॉन्ड' म्हणजे भटक्या. एका देशी शिवीचा अर्थ विचारला असता कायद्याने तीन विलायती शिव्या पुढे केल्या. नाहीतरी लंडनमधील गरीब वस्तीला आणि तेथे पोटासाठी आलेल्या आयरिशांना वरचा वर्ग ज्या शब्दांनी ओळखी, तेच शब्द वैनगंगेच्या खोऱ्यातील माणसाला घराबाहेर काढण्यास पुरेसे ठरले. कारण या कायद्याखाली जिल्हादंडाधिकारी एखाद्यास गुंडा समजून हद्दपार करू शकत असे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही नव्या मध्यप्रदेशात हा कायदा चालू होता. अशा हुकुमाखाली आलेल्या एका नागरिकाने त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरविला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६० मध्ये तेथेही सरकारचे अपील फेटाळले गेले. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. कोण गुंडा आणि कोण नाही, हे ठरविण्याची कसोटीच कायद्याने दिलेली नाही. आणि हद्दपार होणाऱ्याला 'मी गुंडा नाही' हे दाखविण्याची संधीही दिलेली नाही. ठगाच्या अधिनियमानंतर सव्वाशे वर्षांनी कोणीतरी शिवीला तिचा अर्थ विचारला, आणि तिला उत्तर देता आले नाही.

शिवीचे सारे बळ तिला अर्थ विचारला जात नाही यात असते. 'डूलॅली' म्हणजे काय, असे विचारताच एका छावणीची दुर्दशा समोर येते आणि गाव निर्दोष सुटते. 'व्हिलन' म्हणजे कोण, असे विचारताच राबणारा शेतकरी उभा राहतो. अर्थ विचारला की शिवी देणाऱ्याची झडती सुरू होते.

अर्थ विचारण्याचा आणखीही एक मार्ग आहे, आणि तो ज्याला शिवी दिली गेली त्याचा आहे. ब्रिटिश राजकारणात 'टोरी' हा शब्द मुळात आयरिश भाषेतील, लुटारू किंवा पुंड या अर्थाचा. सतराव्या शतकात विरोधकांनी तो शिवी म्हणून फेकला. ज्यांच्यावर फेकला त्यांनी तो झेलला, आणि आज तो त्या देशातील एका मोठ्या पक्षाचे रूढ नाव आहे. मराठीत हेच कार्य अधिक खोल वेदनेतून झाले. बारा माशांचा एक तोळा. त्यात एक मासा कमी म्हणून हिणकस, या हिशेबाने अनौरस संततीला 'अक्करमाशी' म्हणत. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये तोच शब्द आपल्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर घातला. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये 'उचल्या' लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने पोलीस हाक मारीत, तो शब्द ग्रंथालयाच्या दाखलपुस्तकात ग्रंथाचे नाव म्हणून नोंदला गेला. तराजू हाती धरणाऱ्यांनी एक मासा कमी भरल्याचे सांगितले होते. या ग्रंथांनी तराजूच तपासायला घेतला.

वाचनालयाच्या शंभर वर्षांचा आणि या विषयाचा संबंध येथे लागतो. कोशांचे जाडजूड खंड बहुधा सर्वांत वरच्या फळीवर असतात आणि ते घरी नेण्यास मिळत नाहीत. त्यांवर धूळ बसते याबद्दल ग्रंथपालाला बोल लावण्यात अर्थ नाही. मागणीच कमी असते. परंतु त्या खंडांत प्रत्येक शब्दाचा जन्माचा दाखला आहे. अमुक शब्द कोठून निघाला, कोणाच्या तोंडून आला, वाटेत त्याचा कोणता ध्वनी गळाला, आणि तो कोणाच्या माथी मारला गेला, हे तेथे मिळते. रस्त्यावर, सभेत किंवा वृत्तपत्रात एखाद्या माणसाला, वस्तीला वा जमातीला एका शब्दात निकालात काढलेले आढळले, तर सभासदांनी घरी जाण्यापूर्वी वाचनालयाची पायरी चढावी, वरच्या फळीवरचा खंड मागून घ्यावा आणि त्या शब्दाचा अर्थ पाहावा. नरसिंहपूर आणि बालाघाट यांच्यामधले अंतर फार नाही. व्याख्या नसलेला शब्द आणि व्याख्या मागणारा माणूस यांच्यामधले अंतर मात्र तोडायला सव्वाशे वर्षे लागली. पुढील शतकात ते एका फळीच्या उंचीइतके राहावे, हीच या शताब्दीच्या निमित्ताने शुभेच्छा.